घरगुती सौर जलतापक : अनुदान, खर्च आणि जमाखर्चाचा खरा मेळ



आदिलाबादची थंडी सर्व तेलंगणात प्रसिद्ध आहे. पैनगंगेच्या अलीकडचा हा उंचवट्याचा व सागवनांचा मुलूख मार्गशीर्ष-पौषात असा गारठतो की, कडाक्याच्या दिवसांत पारा एक आकडी होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत आपल्या जिल्ह्याचे नाव अग्रभागी येते. अशा प्रांतात स्नानाचे ऊन पाणी ही चैन नव्हे. ती घरोघरची नित्याची गरज आहे. पूर्वी ही गरज तांब्याचा बंब भागवीत असे. त्याच्या पोटात लाकूड व गोवरी घातली की घंगाळ भरत असे. पुढे बंब माळ्यावर गेला आणि न्हाणीघराच्या भिंतीवर विजेचा गिझर आला. आता गच्चीवर सौर जलतापक बसवावा की काय, हा प्रश्न अनेक घरांत चर्चिला जात आहे.

या चर्चेत दोन प्रकारची विधाने ऐकू येतात. विक्रेता म्हणतो, "सरकार अनुदान देते, आणि वर्षाला दीड हजार युनिट वाचतात." शेजारी म्हणतो, "पैसे पाण्यात गेले." व्यापाऱ्याने या दोहोंपैकी कोणावरही विसंबून राहू नये. जी वस्तू पंधरा-वीस वर्षे टिकावयाची, तिचा जमाखर्च स्वतःच्या वहीत मांडून पाहावा. तो कसा मांडावा, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

यंत्राची रचना

या यंत्राचे तत्त्व जुने व सोपे आहे. काच सूर्याचा प्रकाश आत येऊ देते, परंतु तापलेल्या वस्तूची उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. जिनीव्हाचा शास्त्रज्ञ होरेस दे सोस्यूर याने इ. स. १७६७ मध्ये काचेची झाकणे असलेली पेटी करून हे दाखविले. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी क्लॅरेन्स केम्प याने १८९१ साली घरगुती सौर जलतापकाचे पेटंट घेऊन तो विकावयास आरंभ केला. त्यात पाणी दिवसा तापे, पण रात्री निवून जाई. विल्यम बेली याने १९०९ साली तापविणारा भाग निराळा व साठविणारी टाकी निराळी करून, टाकीस उष्णतारोधक आवरण घातले. तेव्हा सायंकाळी तापलेले पाणी सकाळी मिळू लागले. आजच्या यंत्राची मूळ मांडणी हीच आहे.

पाणी तापले की हलके होऊन वर चढते व थंड पाणी खाली उतरते. त्यामुळे टाकी वर व तापविणारा भाग खाली ठेवला की पंपावाचून पाण्याचे अभिसरण आपोआप चालते. बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिल्यात काळ्या लेपाच्या दुहेरी काचनळ्या असून दोन काचांमधील हवा काढून घेतलेली असते. हा प्रकार स्वस्त असतो व गार वाऱ्यातही चांगले काम देतो. दुसऱ्यात काच लावलेली सपाट पेटी असून आत तांब्याच्या बारीक नळ्या असतात. हा महाग असतो, पण मजबूत असतो. चार-पाच माणसांच्या घरास १०० लिटरचे यंत्र पुरते, व त्यास गच्चीवर साधारण दोन चौरस मीटर तापविणारा पृष्ठभाग लागतो.

अनुदानाची कथा

आता विक्रेत्याच्या पहिल्या विधानाकडे वळू. सरकारी साहाय्य होते हे खरे आहे. केंद्र सरकारने २००५ साली सौर जलतापकांसाठी अल्प व्याजाच्या कर्जाची योजना आखली. तीत घरगुती ग्राहकास द. सा. द. शे. २ टक्के इतक्या नाममात्र व्याजाने बँकांमार्फत कर्ज मिळे. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले आणि भांडवली खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू लागले. ते तापविणाऱ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला सुमारे तीन हजार रुपये पडे. परंतु आपल्यासारख्या सर्वसाधारण प्रांतांसाठी हे अनुदान २०१४ साली बंद करण्यात आले. यंत्राचा पुरेसा प्रसार झाला आहे व ते आता स्वतःच्या गुणांवर विकले जावे, अशी त्यामागील भूमिका होती.

तर मग "सोलरला सबसिडी आहे" हे वाक्य आजही का ऐकू येते? त्याचे कारण नावाचा घोटाळा हे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्य घर : मोफत वीज योजना' सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॅट व त्यावरील संचास एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. पण हे अनुदान छपरावर वीज निर्माण करणाऱ्या पट्ट्यांसाठी आहे, पाणी तापविणाऱ्या यंत्रासाठी नाही. बोलताना आपण दोहोंनाही 'सोलर'च म्हणतो, आणि या एका शब्दाच्या आडोशाने कित्येकदा पाण्याच्या यंत्राचा सौदा विजेच्या अनुदानाच्या आशेवर उरकला जातो. सभासदांनी हा भेद पक्का ध्यानात ठेवावा. जो विक्रेता जलतापकावर केंद्राचे अनुदान मिळवून देतो असे म्हणेल, त्याच्याकडून शासनाच्या आदेशाची प्रत मागून घ्यावी, आणि तोवर अनुदान शून्य धरूनच हिशोब करावा.

एक सवलत मात्र खरोखर पदरात पडते, ती वस्तू व सेवा कराची होय. सौर जलतापकावरील हा कर जुलै २०२२ मध्ये ५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा ५ टक्के झाला. मूळ किंमत २०,००० रुपये असेल, तर करापोटी २,४०० ऐवजी १,००० रुपये द्यावे लागतात. विजेच्या गिझरवर हाच कर १८ टक्के आहे. तेव्हा कोटेशन घेताना कराची ओळ निराळी लिहून घ्यावी आणि जुन्या दराने आकारणी झालेली नाही ना, हे पाहावे.

अन्यत्र स्थानिक संस्थाही साहाय्य करतात. पुणे महानगरपालिकेने सौर यंत्रणा, पर्जन्यजल-संधारण वा गांडूळखत प्रकल्प यांपैकी एक असलेल्या मिळकतींस करात ५ टक्के, व दोन वा अधिक असल्यास १० टक्के सूट ठेवली. बेंगळुरूच्या वीज कंपनीने जलतापक असलेल्या घरांस दर युनिटमागे ५० पैसे, महिन्यास कमाल ५० रुपये, अशी सूट दिली. इस्राएलने तर १९८० साली नव्या घरांवर सौर जलतापक कायद्यानेच बंधनकारक केला. आपणही आपल्या नगरपालिकेच्या कचेरीत मिळकत-करातील सवलतीविषयी विचारणा करावी, आणि ती नसल्यास संघातर्फे रीतसर मागणी करावी.

उष्णतेचा हिशोब

आता दीड हजार युनिटांच्या विधानाचा विचार करू. हा आकडा काल्पनिक नाही. १०० लिटरच्या यंत्रामुळे वर्षाकाठी १५०० युनिट'पर्यंत' बचत होते, असे सरकारी पत्रकांतही छापलेले आढळते. परंतु सारा अर्थ त्या 'पर्यंत' या शब्दात आहे.

एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. १०० लिटर पाणी ४३ अंशांनी तापविले तर ४,३०० किलोकॅलरी, म्हणजे बरोबर ५ युनिट होतात. असे वर्षात ३०० दिवस केले की १५०० युनिटांची बेरीज येते. ज्या घरात किंवा रुग्णालयात रोज शंभर लिटर कढत पाणी वर्षभर खर्ची पडते, तेथे हा आकडा खरा आहे. वैशाखात जेथे टाकीचेच पाणी पोळते, त्या आदिलाबादच्या सामान्य घरात तो खरा ठरत नाही.

आपल्या पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशोब पाहू. प्रत्येकास स्नानास २५ लिटरची एक बादली, म्हणजे १२५ लिटर. थंडीत नळाचे पाणी २० अंशांचे धरू आणि स्नानास ४० अंशांचे पुरे. मग १२५ गुणिले २०, म्हणजे २,५०० किलोकॅलरी होतात. गिझरच्या अंगातून वाया जाणारी थोडी उष्णता धरून रोजचे ३ युनिट व महिन्याचे ९० युनिट होतात. थंडीचे चार महिने ही गरज पूर्ण असते, व त्या दिवसांत आकाश बहुधा निरभ्र असल्याने सूर्य ती भागवितो. पावसाळ्याचे चार महिने पाणी कोमटच लागते, म्हणून गरज निम्मी, ४५ युनिट होते. परंतु मेघाच्छादनामुळे सूर्य त्यातील निम्मीच भागवितो. म्हणजे बचत २२ युनिटांची झाली. उन्हाळ्याचे चार महिने काहीच नाही. एकूण वार्षिक बचत ९० गुणिले ४ अधिक २२ गुणिले ४, म्हणजे ४४८ युनिट होते. पत्रकातील आकड्याच्या ती तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे.

हे वाचून कोणी निराश होईल. परंतु खरी गंमत पुढेच आहे. बचत युनिटांत मोजावयाची नसून रुपयांत मोजावयाची आहे, आणि वाचलेल्या प्रत्येक युनिटाची किंमत सारखी नसते.

दरांच्या पायऱ्या

आपल्याकडील घरगुती विजेचे दर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या दरपत्रकाप्रमाणे, महिन्याचा वापर १०० हून अधिक परंतु २०० युनिटांच्या आत असेल, तर पहिल्या १०० युनिटांस ३ रु. ४० पैसे व पुढील १०० युनिटांस ४ रु. ८० पैसे दर पडतो. वापर २०० च्या पुढे गेला की पहिल्या युनिटापासूनच दर बदलतो. पहिल्या २०० युनिटांस ५ रु. १० पैसे, ३०० पर्यंत ७ रु. ७० पैसे, ४०० पर्यंत ९ रुपये, आणि ८०० पर्यंत ९ रु. ५० पैसे पडतात.

याचा परिणाम पाहावा. २०० युनिटांचे ऊर्जामूल्य ८२० रुपये होते, व २०१ युनिटांचे १,०२७ रु. ७० पैसे. एका युनिटासाठी २०७ रु. ७० पैशांची उडी! आपल्या जिल्ह्यातील मध्यम घरांची बिले नेमकी याच उंबरठ्याच्या आसपास घोटाळतात, आणि थंडीत गिझर चालू झाला की घर हा उंबरठा ओलांडून वर जाते.

आता तीन कुटुंबे घेऊ. हिशोबासाठी १०० लिटरचे यंत्र बसविण्यासह २२,००० रुपयांस व २०० लिटरचे ३६,००० रुपयांस मिळाले असे धरू. प्रत्यक्ष भाव वाचकांनी आपल्या कोटेशनातून घालावा. स्थिर आकार व इतर किरकोळ आकार सोडून दिले आहेत.

पहिले कुटुंब : माणसे पाच, गिझरखेरीज वापर १७० युनिट. थंडीत गिझरसह २६० युनिट होऊन ऊर्जामूल्य १,४८२ रुपये येते. सौर जलतापक बसविल्यास वापर १७० वर राहून ते ६७६ रुपये होते. महिन्याची बचत ८०६ रुपये झाली. पावसाळ्यात २१५ युनिटांचे १९३ झाले की सुमारे ३४९ रुपये वाचतात, कारण पुन्हा तोच उंबरठा खाली उतरता येतो. वर्षाची बचत सुमारे ४,६२० रुपये होते. डागडुजीचे ५०० रुपये वजा जाता ४,१२० उरतात. भांडवल सव्वापाच ते साडेपाच वर्षांत परत येते.

दुसरे कुटुंब : माणसे तितकीच, पाणी तितकेच, पण घरातील इतर वापर २४० युनिट. थंडीत ३३० युनिटांचे २,०६० रुपये होतात. सौर जलतापकाने ते १,३२८ वर येतात. बचत ७३२ रुपये. पावसाळ्यात मात्र २२ युनिट ७ रु. ७० पैसे दराने वाचून सुमारे १६९ रुपयेच मिळतात. वर्षाचे सुमारे ३,६०० रुपये, व डागडुजी वजा जाता ३,१०० उरतात. भांडवल परत येण्यास सात वर्षे लागतात.

तिसरे कुटुंब : एकत्र कुटुंब, माणसे दहा, इतर वापर ३०० युनिट, यंत्र २०० लिटरचे. थंडीत गिझरचे १८० युनिट धरून ४८० युनिटांचे ३,४५० रुपये होतात. सौर जलतापकाने १,७९० रुपये होतात. बचत महिन्यास १,६६० रुपये. पावसाळ्यात ४५ युनिट ९ रुपये दराने, म्हणजे ४०५ रुपये वाचतात. वर्षाचे ८,२६० रुपये, व डागडुजीचे ८०० रुपये वजा जाता ७,४६० उरतात. भांडवल पाच वर्षांच्या आत मोकळे होते.

पहिल्या व दुसऱ्या कुटुंबाने सारखेच पाणी वापरले, सारखेच यंत्र घेतले, तरी फळ भिन्न आले. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावरून आपला निर्णय करू नये. मागील वर्षाची बारा बिले काढून पौषाचा वापर व चैत्राचा वापर यांतील अंतर पाहावे. पंखे-कूलर अद्याप सुरू न झालेल्या दिवसांशी तुलना केली तर ते अंतर म्हणजे बहुतांशी आपला गिझर होय.

पांढऱ्या शिधापत्रिकेच्या ज्या पात्र कुटुंबांस फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती योजनेखाली २०० युनिटांपर्यंत वीज विनामूल्य आहे, त्यांचा हिशोब निराळा. थंडीतही त्यांचा वापर मर्यादेत राहत असेल, तर जलतापकाने त्यांचा एक पैसाही वाचत नाही. आपल्याकडे काम करणाऱ्या मंडळींनी सल्ला विचारल्यास त्यांस ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे आपले कर्तव्य आहे.

व्याज विसरू नये

वरील वर्षे बिनव्याजी आहेत, आणि बिनव्याजी हिशोब व्यापाऱ्याच्या वहीत शोभत नाही. गच्चीवर गुंतविलेले २२,००० रुपये ठेवीत वा धंद्यात राहिले असते, तर त्यांस व्याज मिळाले असते. द. सा. द. शे. ७ टक्के धरल्यास पहिल्या कुटुंबाचे भांडवल सुमारे सात वर्षांत, दुसऱ्याचे सुमारे दहा वर्षांत व तिसऱ्याचे सुमारे सहा वर्षांत व्याजासह परत येते. यंत्र नीट राखल्यास पंधरा वर्षे सहज चालते. तेव्हा पहिल्या व तिसऱ्या कुटुंबाचा सौदा निःसंशय फायद्याचा आहे. दुसऱ्याचा तोट्याचा नाही, पण घाई करण्याजोगाही नाही. त्याने जुना गिझर निकामी होईपर्यंत थांबल्यास, नव्या गिझरची टळलेली किंमत हिशोबात जमा होईल. वीजदर वाढले तर तिघांचीही वर्षे घटतील.

ज्या घरी वृद्ध माणसे, बाळंतीण वा तान्हे मूल असल्याने बाराही महिने ऊन पाणी लागते, त्या घराने वरील आकड्यांत उन्हाळ्याचीही भर घालावी. तेथे निर्णय बहुधा अनुकूलच येईल.

छपरावर वीज की ऊन पाणी ?

छप्पर एक आणि यंत्रे दोन, असा प्रश्न आता उभा राहतो. एक किलोवॅटच्या वीज-पट्ट्या दिवसास सरासरी सुमारे ४ युनिट देतात व त्यांस साधारण १०० चौरस फूट जागा लागते. त्यांची वीज बाराही महिने उपयोगी पडते. उलट जलतापक थोड्या जागेत व थोड्या भांडवलात होतो, परंतु एकच काम करतो.

ज्यांचे छप्पर मोठे, वीजजोडणी स्वतःच्या नावे व बिल बाराही महिने ३०० युनिटांच्या घरात आहे, त्यांनी अनुदान उपलब्ध आहे तोवर प्रथम वीज-पट्ट्यांचा विचार करावा. या योजनेची मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत आखलेली आहे. पट्ट्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंद असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्याव्या लागतात आणि अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. पट्ट्या बसविल्यावर आपले बिल खालच्या पायरीवर येते. मग जलतापकाने वाचणारे युनिट स्वस्त दराचे असतात आणि त्याची किंमत वसूल होणे कठीण होते. म्हणून दोन्ही यंत्रे एकदम घेण्याचा मोह आवरावा. ज्यांचे छप्पर लहान किंवा भांडवल मर्यादित आहे आणि ज्यांचे बिल फक्त थंडीत फुगते, त्यांना जलतापकच श्रेयस्कर आहे.

दुकान, लॉज आणि धर्मशाळा

व्यवसायाच्या जागेत, उदाहरणार्थ लॉजवर वा भोजनालयावर, बसविलेल्या सौर जलतापकास प्राप्तिकरात ४० टक्के घसारा मिळतो. एप्रिल २०१७ पूर्वी तो ८० टक्के होता. मालमत्ता त्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापरली गेल्यास घसारा निम्माच मिळतो. म्हणून ज्यांस दिवाळीच्या मुहूर्तावर खरेदी करण्याची सवय आहे, त्यांनी हे यंत्र पितृपक्षाआधीच बसवून घेतलेले बरे.

येथे एक स्पष्ट इशारा देणे अवश्य आहे. घरच्या गच्चीवरील यंत्राचे बिल पेढीच्या नावे फाडून घसारा व कराचे क्रेडिट घेण्याची कल्पना काहींच्या मनात येते. ही सवलत नव्हे, हा खोटा जमाखर्च होय. चार हजारांच्या लाभासाठी पिढीजात वहीवर डाग लावून घेऊ नये.

धर्मशाळा व भोजनशाळा चालविणाऱ्या न्यासांस घसाऱ्याचा फारसा उपयोग नसला, तरी त्यांच्याकडे उन्हाचे पाणी रोज व पुष्कळ खपते. भांडी धुण्यास, यात्रेकरूंच्या स्नानास ते वर्षभर लागते. पत्रकातील १५०० युनिटांचा आकडा खरा ठरण्याची शक्यता सर्वांत अधिक येथेच आहे.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

पाणी : बोअरचे पाणी जड असेल तर बारीक तांब्याच्या नळ्यांत क्षार साचून सपाट पेटीचे यंत्र लवकर तुंबते. अशा ठिकाणी काचनळ्यांचे यंत्र घ्यावे, आणि टाकी धुऊन क्षार काढण्याचा वार्षिक करार लेखी करावा.

माकडे : आपल्या भागात माकडांचा उपद्रव इतका आहे की, निर्मळजवळील चिंचोली येथे २०२० साली त्यांच्यासाठी पुनर्वसन केंद्र उघडावे लागले. काचनळ्यांवर जाळी बसवून घ्यावी व फुटलेल्या नळीचा भाव आधीच ठरवून घ्यावा.

दिशा : यंत्राचे तोंड दक्षिणेस असावे. आपला अक्षांश सुमारे साडेएकोणीस अंश आहे. परंतु थंडीत सूर्य दक्षिणेस कलतो, म्हणून उतार तीस अंशांच्या आसपास ठेवल्यास पौषात अधिक ऊन मिळते. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या माडीची सावली पडू नये.

नळ : गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत अर्ध्या इंची वीस मीटर नळ असेल, तर त्यात काही लिटर पाणी थंड होऊन पडून राहते व दर वेळी ओतून द्यावे लागते. नळ आखूड असावा व त्यास उष्णतारोधक वेष्टन असावे. ही किंमत कोटेशनात पुष्कळदा नसते, आणि मागाहून वाढते ती नेमकी येथेच.

उंची : थंड पाण्याची टाकी जलतापकाच्या टाकीहून उंच असली पाहिजे. नसल्यास ओट्याचा व गवंड्याचा खर्च आधीच धरावा.

स्वच्छता : जिनिंगच्या हंगामात कापसाची धूळ काचांवर बसते. आठवड्यातून एकदा पुसल्यास पाण्याचा कढतपणा टिकतो. नेमका हाच थंडीचाही हंगाम आहे.

तप, आयंबिल व चातुर्मासानिमित्त उकळलेले पाणी पिणाऱ्या घरांनी हेही ध्यानात घ्यावे की, जलतापकाचे पाणी साठ अंशांच्या आसपास तापते, उकळत नाही. तीन उकाळ्यांचे पाणी पूर्वीप्रमाणे चुलीवरच करावे. हे यंत्र स्नानाचे व धुण्याभांड्यांचे आहे. तरी ज्या घरांत अजून बंब पेटतो, तेथे लाकूड कितीही झाडून-पाहून घेतले तरी त्यातील सूक्ष्म जीवांची हानी सर्वस्वी टळत नाही. ती टळावी, हा लाभ रुपयांत मांडता येत नाही. ज्याने त्याने तो आपल्या श्रद्धेनुसार जमेस धरावा.

सारांश

अनुदानाचा काळ गेला आहे. ते येईल म्हणून थांबू नये, आणि ते आहे असे समजून यंत्र घेऊही नये. करातील कपात मात्र खरी आहे. यंत्र घ्यावे की नाही याचे उत्तर तीन प्रश्नांत आहे. ऊन पाणी किती माणसांस व किती महिने लागते ? गिझरमुळे आपले बिल कोणती पायरी चढते ? आणि छपरावर वीज-पट्ट्या बसविण्याचा विचार आहे काय ? या तिन्ही उत्तरांवरून एका संध्याकाळी निर्णय होऊ शकतो.

संघाकडूनही एक गोष्ट होण्यासारखी आहे. वीस-पंचवीस सभासदांनी मिळून एकत्र मागणी नोंदविली, तर भाव, जाळी, नळाचे वेष्टन व पाच वर्षांची देखभाल या सर्वांचा करार घाऊक रीतीने करता येईल. एकेकट्या ग्राहकास न मिळणारी ही सूट सरकारी तिजोरीतून येत नाही, ती आपल्या एकीतून येते. व्यापारी संघ स्थापन होतात ते अशाच कामांसाठी. येत्या थंडीपूर्वी कार्यकारिणीने हा विषय विचारार्थ घ्यावा, आणि सभासदांनी तोवर आपापली बारा बिले काढून ठेवावी, अशी नम्र विनंती आहे.